सुगंध आणि शील

आपली ओळख ठरेल असा एक सुगंध पुरुषाने निवडावा काय, आणि निवडावा तर कोणत्या कसोटीवर, हा प्रश्न पुष्कळांस क्षुल्लक वाटेल. आम्हांस तो तसा वाटत नाही. धाराशिव जिल्ह्यातील तेर म्हणजे प्राचीन तगर. 'तगर' हे संस्कृतात एका सुगंधी वनस्पतीचेही नाव आहे. हे नामसाम्य योगायोगाचे असेल. परंतु तेर येथे बौद्ध स्तूपाचे अवशेष सापडले आहेत, आणि चंदन व तगर यांच्या परिमळाहून शीलाचा परिमळ श्रेष्ठ, असे धम्मपदात सांगितले आहे. यावर कोणी म्हणेल, मग शीलवंताला अत्तर हवे कशाला? आमचे म्हणणे असे की, अत्तराची निवड हेच शीलाच्या परीक्षेचे एक स्थळ आहे.

निवडीला वाव तर अपार आहे. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत सोळा द्रव्यांच्या मिश्रणांतून १,७४,७२० गंध सिद्ध होतात असे गणित मांडले. जर्मनीतील कोलोन शहरात १७०९ मध्ये फरीना यांची पेढी निघाली, आणि लिंबू-संत्र्याच्या वासाचे हलके सुगंधी जल त्या शहराच्या नावाने जगभर पसरले. आमच्याकडे हिना, केवडा, वाळा, चंदन हे जुने सोबती आहेतच. लिंबाच्या जातीचा गंध अल्पावकाशात उडून जातो. चंदन मागे राहते. म्हणून दुकानातील पहिल्या दरवळीवर भुलू नये. मनगटावर थेंब लावून दोन घटका थांबावे आणि जे उरते त्याचीच पारख करावी. उन्हाने गंध अधिक उसळतो. तेव्हा आमच्या या कोरड्या, तापट मुलखात उन्हाळ्यात वाळा शोभतो, हिना हिवाळ्यासाठी ठेवावा.

पण खरी मेख पुढेच आहे. नाक आपल्याच गंधाला लवकर सरावते. लावणाऱ्याला तो जाणवेनासा होतो, भोवतालच्यांना मात्र जाणवत राहतो. म्हणजे ज्याला आपण 'माझा सुगंध' म्हणतो, त्याचा उपभोग बहुधा दुसऱ्यांनाच घडतो. नावडते दृश्य दिसले तर डोळे मिटता येतात. श्वास कोंडून कोणी किती वेळ बसेल? जर्मन तत्त्ववेत्ता कांट याने १७९० च्या आपल्या ग्रंथात सुगंधी रुमाल काढणाऱ्यावर हाच आक्षेप घेतला आहे, की तो सभोवारच्यांवर त्यांच्या इच्छेविरुद्ध आपली आवड लादतो.

कांटाचा आक्षेप आम्हांस मान्य आहे, परंतु त्यावरून सुगंधच वर्ज्य करावा हे मान्य नाही. लग्नमंडपात पाहुण्याच्या हाताला अत्तर लावतात, ते त्याने हात पुढे केल्यावर. लादणे आणि आतिथ्य यांतील अंतर एवढेच आहे. सुगंध जवळ येणाऱ्याला भेटावा, दूरच्याला गाठू नये. आणि मात्रा किती, हे ठरविण्यास आपले नाक लायक नसल्यामुळे, तो निर्णय घरच्या माणसांवर सोपवावा. ज्याला आपल्या आवडीविषयी दुसऱ्याचा कौल घेता येतो, त्याने खुशाल अत्तर लावावे.