खुर्ची, पुस्तक आणि गंभीर चेहरे

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली निघाली आणि पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग भरू लागला. डॉ. भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी, हरिश्चंद्र चिंतामण ही मंडळी लवकरच कॅमेऱ्यामागे उभी राहिली.

कॅमेऱ्यापुढची मांडणी मात्र विलायती: रंगवलेला पडदा, तिपाई, मधोमध कोरीव खुर्ची. पाटावर जेवणारं, लोडाला टेकून बसणारं गिरगावातलं कुटुंब तिथे जरा अवघडूनच बसे. कर्ता पुरुष पगडी-उपरण्यात खुर्चीवर, पत्नी नऊवारीत शेजारी उभी. व्हिक्टोरियन जोडप्यांचीही हीच तऱ्हा. पण नवरा बसलेला असताना बायकोने उभं राहणं इथल्या घरांना परकं नव्हतंच. नवं होतं ते दोघांनी एकत्र दिसणं. वडीलधाऱ्यांदेखत नवऱ्याशी बोलायची चोरी असलेली सून त्याच्या खांद्याशी उभी राहून थेट भिंगात बघते, आणि तो फोटो दिवाणखान्यात लागतो!

तिच्या हातातलं पुस्तक कित्येकदा स्टुडिओचंच असे. तरी ते निव्वळ सजावट नव्हे. १८७३ साली अकराव्या वर्षी लग्न होऊन आलेल्या रमाबाई रानड्यांना शिकण्यापायी घरातल्या बायकांची किती बोलणी खावी लागली, हे त्यांच्या आठवणींतच आहे. पुरुषाच्या हातात पुस्तक शोभे. बाईच्या हातात ते घरात भांडण लावी.

आणि ते गंभीर चेहरे? ओल्या काचेवर फोटो उमटायला काही सेकंद लागत, मानेमागे लोखंडी टेकू असे. तेवढा वेळ हसू टिकवणं कठीणच. पण १८८०च्या सुमारास कोरड्या काचा आल्या, वेळ घटला, तरी कुणी हसलं नाही. म्हणजे दोष एकट्या यंत्राचा नव्हता. चारचौघांत दात दाखवणं मुळात थोरामोठ्यांना शोभणारं नव्हतं.

याच शहरात फोटो टिपणाऱ्या विल्यम जॉन्सनने १८६३ आणि १८६६ मध्ये मुंबईतल्या जातीजमातींवर दोन खंड लंडनहून काढले. स्टुडिओत टिपलेली माणसं त्याने निराळ्या देखाव्यांवर चिकटवली आणि खाली जातीजमातींची नावं छापली. तिथे पगडी ओळख पटवण्यापुरती होती. घरच्या फोटोत मात्र ती थोरल्या काकांची असे, आणि त्यांना कुठे बसवायचं यावर फोटोग्राफरलाही घरच्यांचं ऐकावं लागे.