पाहणारे डोळे व फसणारे मन

“मी आपल्या डोळ्यांनी पाहिले,” असे कोणी म्हटले की गावात वाद संपतो. भगताने रोग्याच्या पोटातून केसांचा गुंता काढला, बुवाने रिकाम्या मुठीतून अंगारा पाडला. साक्षीला दहा माणसे उभी. प्रिय बंधुभगिनींनो, ती माणसे लबाड आहेत असे आम्ही म्हणत नाही. त्यांस खरोखरच तसे दिसले.

गुस्ताव कून व मायकेल लँड या विद्वानांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. जादूगार चेंडू दोनदा वर उडवून झेलतो. तिसऱ्या वेळी तो नुसता हात हलवितो; चेंडू मुठीतच राहतो, पण दृष्टी मात्र वर जाते. पाहणारांपैकी शेकडा सुमारे ६८ जणांस चेंडू वर जाऊन नाहीसा झालेला दिसला! जादूगाराने दृष्टी हातावरच ठेविली, तेव्हा असे म्हणणारे शेकडा ३२ च निघाले. याहून नवल पुढेच आहे. पाहणारांची नजर कोठे जाते हे यंत्राने टिपले होते. चेंडू जेथे ‘दिसला’ तेथे बहुतेकांची नजर गेलीच नव्हती. ती जादूगाराच्या तोंडाकडे लागली होती. डोळा फसला नाही. मनाने दुसऱ्याच्या नजरेवर भरवसा ठेविला आणि न उडालेला चेंडू उडविला.

शोमरोनातील शिमोन जादूगाराची हकीकत प्रेषितांच्या कृत्यांत, आठव्या अध्यायी आहे. लोक थक्क झाले एवढेच तेथे लिहिलेले नाही. लहानथोर सर्व त्याच्याकडे लक्ष देत, हेही लिहिले आहे. (हा शब्द वाचताना आपण सहज ओलांडतो.) त्याच लोकांस फिलिप्पाने सुवार्ता सांगितली, पण त्याने त्यांस मूर्ख म्हटल्याचे कोठेही आढळत नाही.

म्हणून उपदेशक बंधूंनो, शेजाऱ्याने शेळी विकून भगताची दक्षिणा भागविली असेल, तर चावडीवर त्याची थट्टा करू नका. भगत जिकडे पाहतो तिकडेच त्याने पाहिले. त्या जागी आपणही तेच केले असते. आपल्याच मंडळीत कोणी चमत्काराच्या नावाने झोळी फिरवू लागला, तर त्याच्या तोंडाकडे नव्हे, हाताकडे पाहा. हातचलाखी येत असेल तर करून दाखवा, मग ती कशी केली तेही सांगा. आणि घरात मूल तापाने फणफणत असेल, तर हा सारा बोध उद्यावर ठेवून आधी त्याला दवाखान्यात न्या.