पहाटेची चिमूट

चिरुटाचे शौकीन एक अट आधीच घालतात: हाताशी तासभर मोकळा वेळ नसेल तर तो पेटवू नये. धूर छातीत ओढायचा नाही, तोंडात घोळवून सोडायचा. दोन झुरक्यांच्या मध्ये मिनिटभर थांबायचे, नाहीतर पान तापते आणि चव कडवट होते. सकाळी सौम्य, मऊ चवीचा निवडायचा, कारण उपाशी पोटी कडक तंबाखूने मळमळते. हे सगळे ऐकताना माझे लक्ष त्या तासावरच राहते. हा शौक करणाऱ्याने सकाळचा एक तास आधीच मिळवलेला असतो. त्या तासात कोणी हाक मारणार नाही, कोणाचा डबा भरायचा नाही, धारेला गोठ्यात जायचे नाही. हे सगळे जमल्यावर मग चिरूट येतो, आणि सकाळ सुंदर गेल्याचे श्रेय मात्र त्याच्या पदरात पडते.

भोर तालुक्यात आणि शेजारच्या वेल्ह्यात, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यात, चिरूट ओढणारा माणूस शोधूनही सापडणे कठीण. पण निवांत सकाळ आणि तंबाखू ही जोडी इथे घरोघरी आहे. मार्गशीर्षात गुंजवणीच्या खोऱ्यात धुके साचलेले असते, राजगडाची सुवेळा माची त्याच्या वर उन्हात आलेली असते आणि खाली वाडीत अजून गारठा असतो. भात झोडून झालेले, पेंढा रचलेला. ओट्यावर घोंगडी पांघरून बसलेला म्हातारा चंची सोडतो, तळहातावर तंबाखू घेतो, नखाने चुना लावतो आणि अंगठ्याने सावकाश मळत राहतो. कोणी विडी पेटवतो. पूर्वी आपट्याच्या पानात तंबाखू वळून चुलीतल्या कोलितावर पेटवणारेही होते.

आणि मागच्या दारी घरातली बाई बसलेली असते. तिच्या हातात मिश्रीची डबी. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, त्या वासाने घरभर ठसका लागतो, मग कुटून तिची भुकटी करायची. पहाटे बोटावर चिमूटभर घेऊन ती दातांवर, हिरड्यांवर घासत राहायचे. दात घासायला म्हणून लहानपणी सुरू झालेली ही सवय पुढे दिवसातून तीन-चार वेळा लागते. पण पहाटेची वेळ वेगळी. अजून चूल पेटलेली नसते, पोरे उठलेली नसतात, सासू काही बोलत नसते. एकदा चूल पेटली की दिवस तिचा राहत नाही. त्या आधीची ती पंधरा-वीस मिनिटे हाच तिचा चिरूट.

महाराष्ट्रात तंबाखूचे खरे रूप हेच आहे. 2016-17 च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात राज्यातले सुमारे 27 टक्के प्रौढ तंबाखू वापरताना आढळले. त्यात धूर काढणारे चार टक्क्यांहूनही कमी होते. बाकी सारी तंबाखू गालात, ओठात आणि हिरड्यांवर. धूर नाही म्हणून ती दिसत नाही, आणि बायकांची तर मुळीच दिसत नाही.

ही तंबाखू आपल्याकडे आली त्याला चारशे वर्षे झाली. पोर्तुगीजांनी ती किनाऱ्यावर उतरवली आणि सतराव्या शतकाच्या सुरुवातीला असद बेग नावाच्या अधिकाऱ्याने ती विजापूरहून अकबराच्या दरबारात नेली. वैद्यांनी तेव्हाच शंका घेतली होती. 1617 मध्ये जहांगीराने बंदीही घातली, पण तिचा काही उपयोग झाला नाही. ज्या आदिलशाहीकडून पुढे तोरणा किल्ला घेतला गेला, तिच्या राजधानीत, विजापुरात, ही पाने डोंगरी किल्ल्यांवर स्वराज्य उभे राहण्याच्याही आधीपासून रुळली होती.

आता त्या सौम्यपणाबद्दल. चिरुटाचे पान महिनोन्महिने मुरवतात, त्यामुळे त्याचा धूर अल्कधर्मी होतो आणि निकोटिन तोंडाच्या अस्तरातूनच रक्तात उतरते. म्हणून तो छातीत न ओढताही लागू पडतो. ओट्यावरचा म्हातारा नखाने चुना लावतो तेव्हा नेमके हेच घडवत असतो. चुन्याने तंबाखूतले निकोटिन मोकळे होते. हे रसायन त्याला कोणी शिकवलेले नाही, पिढ्यांच्या अनुभवाने ते त्याच्या अंगठ्यात उतरले आहे. पण चव मऊ असली म्हणून इजा मऊ होत नाही. ‘माइल्ड’ आणि ‘लाइट’ हे शब्द सिगारेटच्या पाकिटांवरून युरोपीय संघाने 2003 मध्ये काढायला लावले ते याचसाठी. सौम्य म्हणून घेतलेली सिगारेट माणसे जास्त खोल ओढतात. मिश्रीत तर भाजण्यामुळे तयार होणारी कर्करोगकारक द्रव्ये वेगळीच. मुंबईतल्या गरोदर स्त्रियांवरच्या 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तंबाखू, त्यातही मुख्यतः मिश्री, वापरणाऱ्या आयांच्या बाळांचे वजन सरासरी शंभर ग्रॅमने कमी भरले. ज्या घरात मुळात अडीच किलोचे बाळ ही समाधानाची गोष्ट असते, तिथे शंभर ग्रॅम फार मोठे असतात.

पहाटेचीच चिमूट सर्वांत गोड का लागते, यालाही कारण आहे. निकोटिन रक्तातून दर दोन तासांनी साधारण निम्मे होते. रात्रभरात ते जवळपास संपते. जाग येते ती अस्वस्थ, थोडी चिडचिडी, काहीतरी राहिल्यासारखी. पहिल्या चिमटीने ही अस्वस्थता शमते आणि माणसाला वाटते, मन शांत झाले. फागरस्ट्रॉम या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाच्या नावाने व्यसनाची पकड मोजणारी जी प्रश्नावली जगभर वापरतात, तिच्यातला एक प्रश्न असा आहे: उठल्यावर किती वेळात पहिली सिगारेट ओढता? पाच मिनिटांच्या आत, असे उत्तर आले तर गुण सर्वाधिक. आपण जिला निवांतपणाची घटका म्हणतो, तिच्यातच डॉक्टर बेडी शोधतात.

मला डॉक्टरांचे म्हणणे पूर्ण पटते, तरी त्या बाईचा सगळा आनंद रसायनाच्या खात्यावर टाकायला मी तयार नाही. मागच्या दारची ती शांतता खरी आहे. समोर धुक्यातून उतरत येणारा उजेड खरा आहे. कोणासाठीही काही न करता बसलेले तिचे शरीर खरे विसावलेले आहे. प्रश्न एवढाच की तिला तसे बसायला मिश्री का लागते?

आषाढात आवणीच्या दिवसांत इथल्या कोणत्याही खाचरावर थोडा वेळ थांबून पाहावे. गुडघाभर चिखलात, कमरेत वाकून, इरल्याखाली किंवा प्लॅस्टिकच्या खोळीखाली माणसे सकाळपासून रोपे लावत असतात. मधेच एक गडी म्हणतो, “जरा विडी ओढून येतो.” त्याला कोणी अडवत नाही. तो बांधावर बसतो, पाच मिनिटे पाठ सरळ करतो. “जरा बसतो,” असे नुसते म्हणाला असता तर? मुकादमाची नजर फिरली असती, सोबतच्यांनी टोमणा मारला असता. बाईचे तर विचारूच नका. नुसती बसलेली सून आळशी ठरते. मिश्री लावत बसलेल्या सुनेला, “तिची मिश्री होऊ दे,” असे सासूच म्हणते, कारण सासूही आयुष्यभर तशीच बसत आली आहे. कष्टकऱ्यांच्या जगात विसाव्याला स्वतःचे कारण पुरत नाही, त्याला तंबाखूचा परवाना लागतो. तो परवाना दोन-पाच रुपयांत मिळतो आणि त्याची पुरती किंमत पुढे तोंडाच्या कर्करोगाने वसूल होते.

हा परवाना तयार करणाऱ्यांना तरी विसावा आहे का? सिन्नर, सोलापूरकडे बायका दिवसाला हजार विड्या वळायला मान मोडून बसतात. निपाणीच्या तंबाखू शेतकऱ्यांनी 1981 मध्ये भावासाठी पुणे-बंगळूर महामार्ग रोखून धरला. एप्रिलमध्ये पोलिसांनी केलेल्या गोळीबारात त्यांच्यातले काही जण मारले गेले. तोच महामार्ग भोर तालुक्यातून, नसरापूर आणि कापूरहोळवरून जातो.

म्हणूनच व्यसनमुक्तीच्या फलकांवरची सडलेली तोंडे पाहून माझ्या पोटात कालवते आणि तरी ते काम अपुरे वाटते. आरोग्य केंद्रातल्या ताईंनी डबी फेकून द्यायला सांगितली आणि बाईने ती मनापासून फेकली, तर तिच्या हातून तंबाखूबरोबर ती पंधरा मिनिटेही जातात. दुसऱ्या दिवशी ती पहाटे उठते आणि थेट चुलीपाशी जाते. दुपारी लागलेली तल्लफ ती कदाचित सोसेल. पहाटेची गेलेली घटका तिला परत कोण देणार? महिनाभराने डबी पुन्हा दिसली तर त्याला तिचा नाकर्तेपणा म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

विसावा हा हक्क म्हणून लिहिता येतो, हे आपल्याकडे घडलेले आहे. महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा 1977 मध्ये केला. पुढे 2005 च्या केंद्रीय कायद्याने कामाच्या जागी पिण्याचे पाणी, मुलांसाठी सावली, प्रथमोपचार पेटी आणि विश्रांतीची वेळ द्यावी असे लिहून ठेवले. तिथे विश्रांतीसाठी विडीचे निमित्त सांगावे लागत नाही. कामावर ही तरतूद पाळली जावी यासाठी गावाने ग्रामसभेत भांडले पाहिजे. पण बांधावरच्या आणि चुलीपुढच्या कामाला असा कायदा नाही. तिथे हे घरातल्या माणसांनाच करावे लागेल: ओट्यावर चंची घेऊन बसणाऱ्याने एक दिवसाआड चूल पेटवावी, पाणी तापत ठेवावे, आणि मागच्या दारी बसलेल्या बाईला, हातात डबी असो वा नसो, हाक मारू नये.