शेताची कड

ठाण्यात १८७९ पासून ‘शआर हाशामाइम’ हे यहुदी प्रार्थनामंदिर उभे आहे. नावाचा अर्थ स्वर्गाचे द्वार. तेथे येणाऱ्या बेने इस्रायलांची घरची भाषा मराठीच. महाराष्ट्र शासनाने यहुद्यांना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला तो २०१६ साली. केंद्राच्या सूचीत आम्ही ख्रिस्ती १९९३ पासून आहोत, ते मात्र नाहीत. आणि केंद्राच्या अल्पसंख्याक शिष्यवृत्त्या त्याच सूचीवर बेतलेल्या. कल्याणहून एकाच लोकलने महाविद्यालयात जाणाऱ्या दोन गरीब मुलांमध्ये एवढे अंतर पडते.

धर्मग्रामाचा शिक्षणनिधी आपल्याच लेकरांना मिळावा, हे म्हणणे गैर नव्हे. दात्याने ज्यासाठी दिले त्यासाठीच ते खर्चावे, हाही न्यायच आहे. परंतु शेताच्या कडेचे पीक कापू नका, ते गरिबाला व उपऱ्याला ठेवा, ही लेवीयच्या १९ व्या अध्यायातील आज्ञा आम्हांस कोणाकडून लाभली? हिब्रूत दानाला ‘त्सेदाका’ म्हणतात. त्या शब्दाचे मूळ न्यायाशी निगडित आहे. कडेचे पीक ही मालकाची मेहेरबानी नव्हतीच.

त्यांनी आपली कड केव्हाच मोकळी सोडली आहे. हायम सॅम्युएल केहिमकरांच्या पुढाकाराने १८७५ साली मुंबईत निघालेल्या इस्रायली शाळेत पुढे यहुदी मुले उणावली, तरी दार मिटले नाही. इतर धर्मांचीच मुले तेथे बहुसंख्य झाली.

पुढील वर्षाची वर्गणी मागतानाच दात्यांना विचारता येईल, यातील काही भाग शेजाऱ्यासाठी ठेवू का? अर्जावर सहसा धर्मगुरूंची शिफारस लागते. ठाण्याच्या यहुदी मुलाने ती कोणाची आणावी?