हसावे कुणाला?

गेल्या नाताळच्या कार्यक्रमात आपल्या युवकांनी एक छोटी नाटिका सादर केली. एका मुलाने धोतर नेसून, चष्मा नाकाच्या टोकावर ओढून, रोझरी म्हणणाऱ्या एका आजोबांची नक्कल केली. देगलूरकडची बोली, मध्येच एखादा तेलुगू शब्द, प्रार्थना चुकली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. सारे सभागृह पोट धरून हसले. आम्हीही हसलो. ते आजोबा तिसऱ्या रांगेत बसले होते.

पुढचे दोन रविवार ते मिस्साला आले नाहीत. थंडीमुळे असेल, असे कुणीतरी म्हणाले.

हसणे हे पाप नव्हे. संत थॉमस अक्वायनस यांनी तर विनोदबुद्धीला सद्गुणांत जागा दिली आहे, आणि जो स्वतः कधी हसत नाही व इतरांनाही हसू देत नाही, त्याच्या वागण्यात दोष आहे असे म्हटले आहे. तेव्हा हसावे की नाही, हा प्रश्नच नाही. कुणाला हसावे, आणि हसताना आपण कुठे बसलेलो असतो, हा प्रश्न मात्र नाताळपासून आमचा पिच्छा सोडत नाही.

याच दिवसांत एका मुलाने आम्हाला एक जुना इंग्रजी चित्रपट लावून दिला: वुडी ॲलनचा 'लव्ह अँड डेथ', १९७५ सालचा. (काही प्रसंग मुलाबाळांसोबत बसून पाहण्यासारखे नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो.) नेपोलियनच्या काळातल्या रशियात घडणारी ही गोष्ट. टॉलस्टॉय आणि दोस्तोयेव्हस्की यांच्या भारदस्त कादंबऱ्यांची यात मनसोक्त थट्टा केली आहे. नायक बोरिस हा भित्रा माणूस. रणांगणावर तो तोफेच्या नळकांड्यात शिरतो, तोफ डागली जाते आणि हा थेट फ्रेंच सेनापतींच्या तंबूवर जाऊन आदळतो. झाला वीरपुरुष! देव आहे का, माणसाला मारणे कधी योग्य असते का, असे गहन प्रश्न ही मंडळी जेवता-बोलता विचारतात आणि पुढच्याच क्षणी काहीतरी धडपडते. शेवटी बोरिसला मृत्युदंड होतो. देवदूत येऊन सांगतो, भिऊ नकोस, ऐन वेळी माफी मिळेल. माफी मिळत नाही.

इथे आम्हाला खरा दोस्तोयेव्हस्की आठवला. १८४९ च्या डिसेंबरात त्याला इतर कैद्यांबरोबर सेंट पीटर्सबर्गच्या चौकात गोळ्या घालण्यासाठी उभे केले होते, आणि शेवटच्या क्षणी झारची माफी वाचून दाखवली गेली. त्याच्या बाबतीत ते घडले, बोरिसच्या बाबतीत घडत नाही. अशा प्रसंगावर विनोद करावा का? आम्हाला आधी खटकले. मग लक्षात आले की पडद्यावर सर्वांत जास्त हसे होते ते बोरिसचे, आणि बोरिस झाला आहे खुद्द दिग्दर्शक. थोरांची टोपी उडवताना त्याने आपलेही डोके उघडे ठेवले आहे. टॉलस्टॉयचे यात काही बिघडले नाही. उलट ज्याने त्याला वाचलेले नाही, त्याला अर्धे विनोद कळायचेच नाहीत.

पण ज्या रशियनांना हा चित्रपट हसतो, त्यांच्यातलाच एक लेखक स्वतः हसवणारा होता, आणि तो आपल्या घरापर्यंत पोहोचलेला आहे. निकोलाय गोगोलचे 'इन्स्पेक्टर जनरल' हे नाटक पु. ल. देशपांडे यांनी १९५२ साली 'अंमलदार' या नावाने मराठीत आणले. देव आनंद यांच्या नवकेतन संस्थेचा पहिला चित्रपट 'अफसर' (१९५०) याच नाटकावरचा. गोष्ट साधी आहे. तपासणीला मोठा साहेब येणार अशी गावात हूल उठते, आणि कुठल्यातरी भणंग पाहुण्यालाच साहेब समजून गावचे सगळे अधिकारी त्याची सरबराई करतात, त्याच्या खिशात पैसे कोंबतात. निजामाच्या अमलात ज्यांच्या आज्या-पणज्यांनी दिवस काढले, त्या नांदेड-लातूरकडच्या माणसाला ही गोष्ट परदेशी वाटायचे कारण नाही.

१८३६ साली हे नाटक पहिल्यांदा झाले तेव्हा स्वतः झार ते पाहायला आला होता, आणि हसला. लोकही हसले. गोगोल मात्र बेचैन झाला आणि त्याच वर्षी देश सोडून गेला. नाटकाच्या शेवटी गावचा प्रमुख प्रेक्षकांकडे वळून त्यांना खडसावतो की तुम्ही स्वतःलाच हसता आहात. पण प्रेक्षक शेजारच्याला हसून, मन हलके करून घरी जातात. दहा वर्षांनी गोगोलने आपल्याच नाटकाचा एक उलगडा लिहिला. ते गाव म्हणजे आपला आत्मा, लाचखाऊ अधिकारी म्हणजे आपले विकार, आणि शेवटी येणारा खरा तपासनीस म्हणजे मृत्यूच्या दारात आपल्याला गाठणारी सदसद्विवेकबुद्धी.

वाचताना अंगावर काटा येतो. पण गंमत अशी की त्याचा मित्र, नामवंत नट श्चेप्किन, याला हा उलगडा मुळीच रुचला नाही. माझे अधिकारी मला हाडामांसाचेच राहू दे, असा त्याचा आग्रह होता. आम्हाला दोघांचेही पटते, आणि श्चेप्किनचे जरा जास्तच. सगळेच आत्म्यात ढकलले, तर ज्याने खरोखर लाच घेतली तो अलगद सुटतो, आणि तहसील कचेरीत खेटे घालणाऱ्या विधवेला आपण काय सांगायचे? सत्तेवर बसलेल्याला हसणे हे गरिबाच्या हातातले एकमेव हत्यार असते कधीकधी. गोगोलला मात्र त्या हसण्याचेच ओझे झाले. १८५२ च्या उपासकाळात त्याने आपल्या कादंबरीच्या दुसऱ्या भागाचे हस्तलिखित जाळले, अन्न जवळजवळ सोडले, आणि थोड्याच दिवसांत बेचाळिसाव्या वर्षी तो गेला. हसवल्याबद्दल एवढे प्रायश्चित्त कुणी मागितले होते त्याच्याकडे? देवाने मागितले असेल असे आम्हाला वाटत नाही.

शिपायांनी प्रभूला राजाचा झगा घातला, काट्यांचा मुकुट चढवला, पुढे गुडघे टेकले. तेही विडंबनच होते, आणि त्या अंगणातही हशा पिकला असेल. तिथे हसणारे सगळे एका बाजूला होते आणि दुसऱ्या बाजूला एकटा तो. आमच्या सभागृहात त्या संध्याकाळी कोण कुठे बसले होते, हे आम्ही पुन्हा पुन्हा मोजून पाहिले.

तिसऱ्या आठवड्यात आम्ही आजोबांच्या घरी गेलो. ते अंगणात उन्हाला बसले होते. "त्याच्यासाठी आलाव व्हय? पोरायनं चांगलं केलं की," असे म्हणाले आणि हसले. आजींनी चहा ठेवला. त्या हसल्या नाहीत.

परत आल्यावर मुलांशी बोलणे झाले. त्यांचे चेहरे उतरले. त्यातला एक जण थोड्या वेळाने म्हणाला, "मग या नाताळला तुमच्यावरच करू का? मिटिंगमध्ये तुम्ही सगळे कसे बोलता त्याच्यावर?" आम्ही मोठ्या मनाने हो म्हटले. मात्र बसवण्याआधी एकदा लिहिलेले दाखवा, असेही सांगून आलो.