नजरअंदाज

सप्टेंबर सरत आला की आमच्या मालेगाव तालुक्यातल्या गावागावांचा एक आकडा जाहीर होतो. महसुली भाषेत त्याला 'नजरअंदाज पैसेवारी' म्हणतात. पीक अजून शेतात उभं असतं, सोयाबीनच्या शेंगा पुरत्या वाळलेल्या नसतात, आणि तेवढ्यात ठरतं की यंदा पीक रुपयातलं किती पैसे आलं. ऑक्टोबरअखेर सुधारित पैसेवारी येते, डिसेंबरअखेर अंतिम. आकडा ५० पैशांच्या खाली उतरला तर गाव टंचाईत धरलं जातं. मग जमीन महसुलात सूट मिळते, पोरांची परीक्षा फी माफ होते, कर्जाचं पुनर्गठन होतं. वर राहिला तर काहीच नाही. एका गावाला ४८ आणि शिवेपलीकडच्या गावाला ५२ लागले, तर पाऊस दोघांवर सारखाच चुकलेला असूनही दुष्काळ एकाच गावात पडतो.

हिंदीत 'नजरअंदाज करणे' म्हणजे दुर्लक्ष करणे. वऱ्हाडात हिंदी आणि महसुली मराठी शेजारीशेजारी नांदतात, त्यामुळे या शब्दावर पारावर कायमची एक कोटी चालते : "अंदाज कायचा बाप्पा, नजरअंदाजच केलं आमाले!"

२०२३ चा हंगाम इकडे कोणी विसरलेला नाही. रस्त्यावरून गाडीतून बघणाऱ्याला सोयाबीन चांगलं कमरेएवढं दिसत होतं. मग पिवळा मोझॅक पसरला, झाडं बघता बघता पिवळी पडली. काही ठिकाणी शेंगा होत्या, पण शेंग बोटांत दाबली की पिचकायची. शेंग उघडून बघेपर्यंत दाणा भरला की नाही हे सांगायची सोय नव्हती, आणि धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभं राहून शेंग उघडत नाही. तरीही पैसेवारीच्या पद्धतीचं मला कौतुक वाटतं, कारण तिला आपल्या पहिल्या नजरेचा भरवसा नाही. ती दोन वेळा परत येते, पीक कापणी प्रयोगात प्रत्यक्ष कापून, मळून, वजन करून बघते. माणसांच्या बाबतीत मात्र आपलं सगळं कामकाज सप्टेंबरातच आटोपतं.

माझ्यापुरती याची सुरुवात गावाच्या नावापासून झाली. महाराष्ट्रात मालेगाव एकच नाही. सगळ्यांना ठाऊक असलेलं नाशिक जिल्ह्यातलं, मोसम नदीकाठचं, यंत्रमागांचं. बारामतीजवळचं साखर कारखान्याचं आणि नांदेड जिल्ह्यातलं खंडोबाच्या यात्रेचं ही दोन्ही खरं तर माळेगावं, पण रोमन लिपीत ल आणि ळ यांना एकच अक्षर, त्यामुळे बसच्या तिकिटापासून कुरियरपर्यंत सगळीकडे घोळ. आमचं मालेगाव वाशिम जिल्ह्यातलं. अकोल्याहून वाशिमला जाणारा रस्ता आणि कारंज्याहून मेहकरकडे जाणारा रस्ता इथे एकमेकांना भेटतात. या भेटीपलीकडे गावाच्या नावावर बाहेरच्या जगात फारसं काही जमा नाही. पार्सलं मात्र तीनशेहून जास्त किलोमीटरवरच्या त्या दुसऱ्या मालेगावात जाऊन पडतात.

२००८ च्या दिवाळीआधी मी पुण्यात खोली शोधत होतो. घरमालक काकू बोलायला गोड. नाव विचारलं, शिक्षण विचारलं, मग गाव. मी म्हटलं, मालेगाव. त्यांचा चेहरा दाराआड सरकल्यासारखा झाला. "ते बॉम्बस्फोटवालं?" मी घाईघाईनं म्हणालो, "नाही नाही काकू, ते नव्हे. आमचं विदर्भातलं. वाशिमचं." चेहरा परत आला, चहाही आला. कप खाली ठेवताना त्यांनी विचारलं, "वाशिम म्हणजे ते शेतकरी आत्महत्या करतात ते ना?" खोली मिळाली. दोन मिनिटांत मी आधी संशयित झालो आणि मग बिचारा झालो, आणि दोन्ही वेळा काकूंनी माझ्याकडे बघितलंच नव्हतं. ही गोष्ट मी मित्रांना पुढे कितीतरी वर्षं विनोद म्हणून सांगत आलो. तिच्यातली माझी बाजू मला फार उशिरा दिसली. ते पुढे सांगतो.

वाशिमला चिकटलेली नावंही बघण्यासारखी आहेत. २००६ साली पंतप्रधानांचं पॅकेज आलं तेव्हा विदर्भातल्या सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत आम्ही होतो. २०१८ मध्ये नीती आयोगानं महाराष्ट्रातले चार जिल्हे 'आकांक्षित' ठरवले, त्यात आम्ही. 'मागास'ला हा नवा शब्द ज्यानं शोधला त्याला दाद द्यायला हवी. आणि हजारेक वर्षांपूर्वी राजशेखरानं 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न लावलं ते याच वाशिमात, वत्सगुल्म नगरीत. जमीन तीच, काळी. बघणारे बदलले.

पण नजर म्हणजे नुसता पूर्वग्रह, असं म्हणून विषय संपवता येत नाही. डोळ्यांची मूळ घडणच अंदाजाची आहे. डोळ्याच्या पडद्यावर जिथून दृष्टीचा मज्जातंतू बाहेर पडतो तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नाहीत. प्रत्येकाच्या प्रत्येक डोळ्यात असं एक भोक असतं, पण एक डोळा मिटून बघितलं तरी जगात भोक दिसत नाही. मेंदू आजूबाजूचा रंग बघून रफू करून टाकतो. हेल्महोल्त्झ या जर्मन शास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकात बघण्याला 'नकळत केलेलं अनुमान' म्हटलं होतं, ते आजही टिकून आहे. अनुमानाला शिदोरी लागते आणि ती जन्मतः मिळत नाही. पवन सिन्हा यांच्या 'प्रोजेक्ट प्रकाश'मधून मोतीबिंदूसारख्या कारणांनी जन्मापासून अंध असलेल्या भारतीय मुलांवर शस्त्रक्रिया झाल्या. त्यातल्या ८ ते १७ वर्षांच्या पाच जणांवरचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. पट्टी निघाल्यावर लगेच त्यांना हातानं चाचपलेली वस्तू नुसती बघून ओळखता येईना. डोळे काम करत होते, पण हाताला जे ठाऊक होतं ते डोळ्यांना ठाऊक नव्हतं. थोड्याच दिवसांत ते जमू लागलं. डोळे उघडणं आणि दिसणं यांच्यामध्ये असे काही दिवस असतात. आपले ते दिवस पाळण्यात गेले, म्हणून आठवत नाहीत.

डोळ्यांच्या या अंदाजाचं सगळ्यात मोठं उदाहरण आमच्याच तालुक्यात आहे, शिरपूरला. अंतरिक्ष पार्श्वनाथांचं हे तीर्थ जैनांमध्ये देशभर प्रसिद्ध आहे. काळी, अर्धपद्मासनातली मूर्ती, आणि ती जमिनीला न टेकता अधर आहे अशी श्रद्धा. चौदाव्या शतकातल्या जिनप्रभसूरींनी 'विविध तीर्थकल्पा'त या श्रीपुराचं वर्णन केलंय. कथा अशी की एलिचपूरच्या राजाचा कुष्ठरोग इथल्या पाण्यानं गेला, मग त्याला पाण्यातली मूर्ती सापडली. ती गाड्यावरून नेताना मागे वळून बघायचं नाही, अशी अट होती. मूर्ती येतेय की नाही, अशी शंका येऊन राजानं मागे बघितलं आणि मूर्ती तिथेच हवेत थांबली. पूर्वी म्हणे खालून घोडेस्वार जायचा, आता कापड जातं.

मी शाळेत असताना आमच्या आबाजींनी मला तिथे नेलं. तेव्हा गाभारा कुलूपबंद होता. १९८१ पासून तो बंद होता, तो सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं २०२३ मध्ये उघडला. मधली ४२ वर्षं लोकांनी दारातल्या लहानशा झरोक्यातून दर्शन घेतलं. मी पायाच्या चवड्यांवर उभा राहून डोळा लावला. आत मिणमिणता उजेड होता आणि काळ्यात काळं काहीतरी होतं. मागून आबाजी म्हणाले, "दिसली का अधर?" मी म्हटलं, "हो." आता गंमत अशी की आज डोळे मिटले तर मला ती मूर्ती स्पष्ट दिसते, खालची बोटभर फट आणि तिच्यातून पलीकडचा उजेडसुद्धा. खोटं बोललो होतो हे आठवतं, आणि तरी दिसते. आबाजींना 'नाही' म्हणायची हिंमत नव्हती, म्हणून माझ्या मेंदूनं तेवढं रफू करून ठेवलं असावं.

कुलूप का लागलं, तर दिगंबर आणि श्वेतांबर या दोन पंथांत मूर्ती कोणाची यावरून. मूर्ती वाळू आणि शेणाची आहे अशी परंपरा, म्हणून तिच्यावर अधूनमधून लेप द्यावा लागतो. श्वेतांबरांच्या मते मूर्तीला कटिसूत्र आणि कच्छोट, म्हणजे करदोडा आणि लंगोट, आहेत आणि लेपात ते दिसले पाहिजेत. दिगंबरांच्या मते मूर्ती मुळातच निर्वस्त्र आहे आणि या रेघा नंतर चढवलेल्या आहेत. १९०५ मध्ये दोघांनी पूजेच्या वेळा वाटून घेतल्या. तेही निभलं नाही. वाद अकोल्याच्या कोर्टातून नागपूरला आणि तिथून थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलमध्ये गेला. १९२९ मध्ये तिथल्या न्यायाधीशांनी, कागदपत्रं वाचून, व्यवस्थापन श्वेतांबरांकडे असल्याचं मान्य केलं. शिरपूरच्या त्या अंधाऱ्या गाभाऱ्यापासून हजारो मैलांवर बसून एका करदोड्याचा विचार झाला. तरी वाद चालूच राहिला. एकाच मूर्तीसमोर दोन भाविक हात जोडून उभे असतात, एकाला करदोडा दिसतो आणि दुसऱ्याला कोणीतरी नंतर मारलेली रेघ दिसते. दोघांची नजर उत्तम आहे, दोघं प्रामाणिक आहेत. बोलणं मूर्तीबद्दल चाललंय असं वाटतं, प्रत्यक्षात सगळा तंटा लेपाचा आहे. लेपाखालचं कोणी बघितलेलं नाही.

हे त्या धर्मात व्हावं याचं बाहेरच्या माणसाला हसू येतं, कारण जैनांनी जगाला अनेकान्तवाद दिला. वस्तूला अनंत बाजू असतात आणि आपण बोलतो ते एका बाजूनं, एका 'नया'नं. मला यात हसण्यासारखं वाटत नाही. ज्या लोकांना एकच गोष्ट दोन तऱ्हांनी दिसण्याचा त्रास सगळ्यात जवळून ठाऊक होता, त्यांनीच त्यावर इतका बारीक विचार केला असणार. रोग तिथलाच, म्हणून वैदूही तिथलाच.

मला खटकतं ते अनेकान्ताचं आपण करून ठेवलेलं स्वस्त रूप : 'ज्याचं त्याचं बरोबर.' आंधळे आणि हत्ती ही गोष्ट त्यासाठी वापरली जाते. ती बौद्धांच्या 'उदान'मध्येही आहे, आणि तिथे या जन्मांधांना गोळा करणारा श्रावस्तीचा राजा डोळस आहे. तो बघतो आणि त्याची करमणूक होते. म्हणजे गोष्ट सांगणाऱ्याला अख्खा हत्ती दिसतोय, म्हणूनच बाकीचे आंधळे ठरतात. 'ज्याचं त्याचं बरोबर' म्हणणारा माणूस हळूच त्या राजाच्या आसनावर जाऊन बसतो. जैन तर्कशास्त्र इतकं ढिलं नाही. एका बाजूनं बघणं हा नय, त्यात दोष नाही. पण आपली बाजू धरून बाकीच्या बाजू नाहीतच म्हणणं हा दुर्नय, आणि तो चूकच. सगळी मतं सारखी आहेत असं तिथे कोणी म्हटलेलं नाही. सोयाबीनची शेंग पोकळ असेल तर ती पोकळच असते. तलाठ्याचा नय वेगळा, व्यापाऱ्याचा वेगळा असं म्हणून तिच्यात दाणा भरत नाही.

आता काकूंकडे परत येतो.

ती गोष्ट सांगताना त्यात दोन माणसं आहेत असं मी धरून चाललो होतो, काकू आणि मी. तिसरं कोणीतरी होतं. 'ते नव्हे' असं मी ज्याच्याकडे बोट करून म्हणालो ते गाव. ८ सप्टेंबर २००६ ला, शब-ए-बारातच्या दिवशी, शुक्रवारच्या नमाजानंतर तिथे कब्रस्तानाजवळ स्फोट झाले आणि तीसहून अधिक माणसं गेली. २९ सप्टेंबर २००८ ला भिक्कू चौकात पुन्हा स्फोट झाला, सहा माणसं गेली. बॉम्ब त्या गावात फुटले, मेली त्या गावची माणसं, आणि नाव ऐकून दार ओढून घेतलं जातं तेही त्याच गावाच्या लोकांपुढे. पहिल्या स्फोटांनंतर तिथलीच मुस्लिम तरुण मंडळी पकडली गेली. त्यांची पाच वर्षं तुरुंगात गेली आणि २०१६ मध्ये विशेष न्यायालयानं त्यांना आरोपमुक्त केलं. त्यांच्या वाट्याला सुधारित पैसेवारी यायला दहा वर्षं लागली. २००८ च्या खटल्यातले सातही आरोपी ३१ जुलै २०२५ ला निर्दोष सुटले. सतरा वर्षांनंतरही त्या सहा जणांना कोणी मारलं हे न्यायालयात सिद्ध झालेलं नाही.

काकूंना मी एवढंच पटवलं होतं की त्यांचा संशय बरोबर आहे, फक्त पत्ता चुकलाय. खोलीच्या बदल्यात मी एका गावाची पैसेवारी शून्यावर कायम करून दिली, आणि त्या गावात मी तोवर पाऊलही टाकलेलं नव्हतं. माझ्या हातात त्यांची शेंग नव्हती. धुऱ्यावर उभा राहून बोललो होतो.

अजूनही प्रवासात कोणी ना कोणी विचारतंच, कोणतं मालेगाव? मी सांगतो, वाशिमचं. 'ते नव्हे' म्हणणं सोडलंय.