कोठार कोणाचे?

मनुष्य शेती करू लागला, तेव्हा अन्नाबरोबर एक नवा प्रश्नही त्याच्या घरात आला. शिकारीचे मांस टिकत नाही; ते वाटूनच खावे लागते. धान्य मात्र साठविता येते, आणि जे साठविता येते ते कोणाच्या तरी ताब्यात असावे लागते. हा ताबा मालकाच्या नात्याने असावा की राखणदाराच्या, हाच तो प्रश्न होय.

पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात, घोडनदीच्या काठी, इनामगाव येथे डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. इ. स. पू. सुमारे १६०० ते ७०० पर्यंत तेथे शेतकऱ्यांची वस्ती नांदली. जव हे त्यांचे प्रमुख धान्य. नदीचे पाणी वळविण्यासाठी खणलेला पाट आणि त्यालगतचा बांध यांच्या खुणा तेथे सापडल्या. वस्तीच्या मध्यभागी पाच खोल्यांचे मोठे घर आणि त्याला लागून धान्याचे कोठार आढळले. संशोधकांनी ते गावप्रमुखाचे मानले. असला पाट एका कुटुंबाच्या हातून होत नाही. त्यासाठी गाव राबला असला पाहिजे. श्रम सर्वांचे आणि साठा एकाच्या दाराशी, अशी ही मांडणी होती.

इ. स. पू. १००० च्या सुमारास हवामान कोरडे होत गेले. चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, जवाची शेती घटली, शिकार वाढली. कोठाराची खरी परीक्षा अशाच दिवसांत होते. परंतु मातीत दाणे राहतात. ते कोणाला मिळाले आणि कोणाला नाकारले गेले, हे मातीत राहत नाही.

इतिहासात हीच परीक्षा पुढे दिल्लीनेही पाहिली. चौदाव्या शतकाच्या आरंभी अल्लाउद्दीन खिलजीने येथे सरकारी कोठारे भरली. टंचाईत त्यांतून ठरलेल्या भावाने धान्य विकले जाई. नगराची सोय झाली. पण ते धान्य दुआबातील शेतकऱ्याकडून अर्ध्या पिकाइतक्या साऱ्याच्या रूपाने आलेले होते. पिकविणाऱ्याच्या घरी काय उरले, हा विचार त्या व्यवस्थेत गौण होता.

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे. दुष्काळात त्यांनी बेदरच्या बादशहाचे कोठार लोकांसाठी खुले केले. पुढे विठोबाने विठू महाराच्या रूपाने किंमत चुकती करून पावती घेतली. भाविकाला येथे चमत्कार दिसतो. कारकुनी करणाऱ्या माझ्यासारख्याला त्या पावतीचे महत्त्व अधिक वाटते. भूक मोठी म्हणून हिशेब बुडवावा, असे कथा सांगत नाही; हिशेब जुळेपर्यंत भुकेल्याने थांबावे, असेही सांगत नाही. आधी पोती उघडतात, मागून वही पुरी होते.

प्रत्येक कारकून दामाजी होऊ लागला तर राज्य कसे चालावे, असा आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. तथापि दामाजींनी शिक्षेची तयारी ठेवून दार उघडले होते. स्वतःवर काही न ओढवता केलेले औदार्य आणि ही जबाबदारी यांत मोठे अंतर आहे.

राजधानीतील आमच्या मेजांवर धान्याची पोती नसतात, कागद असतात. पण कोणा विधवेचे निवृत्तिवेतन, कोणा विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती त्या कागदांतच साठविलेली असते. तो साठा पाट खणणाऱ्यांचा आहे, आपण त्याचे राखणदार आहोत, एवढे ज्याला उमगले, त्याला कागद दडवून ठेवणे जड जाईल.